नऊ वॅटचा आळ

१

"चोरी केलीया पोरीनं! पेटीत बटण लपवलंय!"

केरबा सरांचा आवाज एवढा चढला, की जोतिबाचं दर्शन घेऊन गुलाबी होऊन परतणारी दोन-चार माणसं वाटेतच थबकली आणि मांडवात काय चाललंय ते पाहू लागली. रविवार होता. डोंगर माणसांनी फुलला होता आणि गुलाल तर हवेतच होता. खुर्च्यांवर, वायरींवर, टेबलावरच्या भज्यांवर, सगळीकडे.

मांडवात कोल्हापूरच्या हौशी बिनतारी मंडळाची स्पर्धा नुकतीच संपली होती. स्पर्धेचा नियम एका ओळीचा. आपल्या हातानं बनवलेला ट्रान्समीटर आणायचा आणि चार तासांत जास्तीत जास्त ठिकाणांशी बोलायचं. ताकद मात्र पाच वॅटच्या वर जाता कामा नये. पाच वॅट म्हणजे किती, तर घरातल्या झिरोच्या बल्बएवढी. तेवढ्यावर गोव्याला हाक मारायची, बंगळुरूला हाक मारायची आणि उत्तर मिळवायचं! हे वेड ज्याला लागलं त्याला चहासुद्धा आठवत नाही.

सकाळी सगळ्या पेट्यांवर परीक्षक केरबा सरांच्या सहीची पट्टी चिकटवून सील केलं होतं. पट्टी तशीच ठेवून, स्पर्धा संपल्यावर पहिल्या तिघांची ताकद मोजायची, अशी पद्धत. तिसरा आलेला राजवीर, त्याची पेटी भरली दोन पॉइंट चार. दुसरा यशराज, चार पॉइंट नऊ. आणि पहिली आलेली क्रांती, एकसष्ट ठिकाणांशी बोललेली एकोणीस वर्षांची पोरगी, तिची पेटी भरली दोन पॉइंट तीन.

"सव्वादोन वॅटवर एकसष्ट?" केरबा सरांच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्यांच्या मीटरच्या पोटात एक खाच होती. तिच्यात लिंबाएवढा गोल प्लग बसवायचा. पाचाचा प्लग असेल तर काटा टोकाला गेला म्हणजे पाच वॅट, आणि दहाचा असेल तर दहा. तिन्ही पेट्या त्यांनी पाचाच्या प्लगवर मोजल्या होत्या. आता खात्री करावी म्हणून त्यांनी दहाचा प्लग बसवला आणि क्रांतीला पुन्हा बटण दाबायला लावलं. काटा सरसर वर गेला. नऊ पॉइंट दोन!

"ताकद कमी-जास्त करायचं बटण हाय आत! मोजताना दोन, आन् बोलताना नऊ! बघितलंत?" सर मंडळाच्या अध्यक्षांकडे वळले.

अध्यक्ष अमरसिंहदादा यशराजचे सख्खे काका. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "मग काय करायचं, सर? अहवाल वर पाठवायलाच लागंल. लायसन जाईल हिचं."

क्रांतीचा चेहरा पांढरा पडला. बोटं अजून बटणावरच होती.

"चार वाजता निकाल हवेवर सांगायचाय ना?" मागच्या खुर्चीवरून एक शांत आवाज आला. "आत्ता अडीच वाजलेत. तोवर ही भानगड माझ्याकडं द्या की."

२

बोलणारी बाई म्हणजे वर्षाराणी. नोकरी वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्यात. वीस वर्षं तिनं गुळाचे काटे, पेट्रोलचे पंप आणि दुधाची मापं तपासली होती. पारड्याखाली चिकटवलेला चिंचोका ती नुसत्या नजरेनं ओळखायची. बिनतारीचा छंद नवऱ्याकडून लागला, आणि मग नवऱ्याचा सुटला तरी हिचा राहिला. मंडळात तिला सगळे मॅडम म्हणत आणि थोडे बिचकूनही असत.

खरं सांगायचं तर आज तिला आतून उकळ्या फुटत होत्या. एकच पेटी, एकच बटण, आणि दोन मापं, तीही एकमेकांच्या चौपट! असलं कोडं वर्षभरात एखादंच येतं. पण समोर पोरगी रडकुंडीला आली होती, म्हणून तिनं चेहरा गंभीर ठेवला.

सहीची पट्टी जागच्या जागी होती. ती तिनं सगळ्यांदेखत काढली आणि झाकण उघडलं. आत हातानं गुंडाळलेली वेटोळी, सोल्डरचे डाग दिलेल्या तारा, वहीच्या पानावर लिहून चिकटवलेली आकृती. बटण एकच, बोलायचं.

"मॅडम, मी काहीही लपवलेलं नाही," क्रांती म्हणाली. "गारगोटीला कॉलेजच्या प्रयोगशाळेत मोजून घेतलंय मी. चार पॉइंट सहा आलं होतं. वहीत तारीख आहे."

"वहीत काय, कायबी लिव्हता येतंय," केरबा सर फणकारले.

क्रांतीच्या मागं तिचे आजोबा आकाराम उकिडवे बसले होते. नातीची पेटी आणि बॅटरी डोक्यावरून त्यांनीच डोंगरावर चढवली होती. ते उठले.

"म्याडम, मला ह्यातलं काय कळत न्हाय. पर पोरगी खोटं बोलत न्हाय. आमची वाडी गगनबावड्याच्या पल्याड. गेल्या आषाढात वढ्याला पाणी आलं, रस्ता गेला, फोनबी गेला. धाकटी सून अडली. दोन दिस कुणाला हाक मारावी कळंना. सून वाचली. पोर न्हाय वाचलं. हितं जो पयला येईल त्याच्या गावात मंडळ पुराच्या वक्ताचं मशीन बसवणार हाय म्हणं. म्हणून पोरगी वरीसभर ह्याच्यामागं लागलीया. मंग ती लबाडी कशाला करंल? लबाडीचं मशीन पुरात चालतंय व्हय?"

अमरसिंहदादांनी मान खाली घातली.

वर्षाराणीनं पिशवीतून आपला छोटा मीटर काढला आणि क्रांतीच्या बॅटरीच्या वायरीत जोडला. "दहाचा प्लग असू दे तसाच. आता बोल."

क्रांतीनं बटण दाबलं. केरबा सरांच्या मीटरवर पुन्हा नऊ पॉइंट दोन. वर्षाराणीच्या मीटरवर मात्र झीरो पॉइंट सात अँपिअर, आणि बॅटरी बारा व्होल्टची.

तिनं मनातल्या मनात गुणाकार केला आणि पुन्हा एकदा केला, कारण तिचा स्वतःवर विश्वास बसेना.

"केरबा सर," ती सावकाश म्हणाली, "पेटीत आत जातंय आठ पॉइंट चार वॅट. बाहेर पडतंय नऊ पॉइंट दोन. म्हणजे म्हशीनं बादलीभर पाणी पिऊन दीड बादली दूध दिलं. अशी म्हैस तुम्ही बघितलीय?"

३

"मीटर माझा हाय!" केरबा सर उसळले. "तीस वर्सं वापरतोय. एका काडीनंबी चुकला न्हाय कधी!"

"तराजूवालेही मला हेच सांगतात, सर." वर्षाराणी हसली, पण मऊ हसली. साखर कारखान्याच्या वायरलेस खोलीत सरांनी उभा जन्म काढला होता. निम्म्या मंडळाला डाग द्यायला त्यांनीच शिकवलं होतं, तिलासुद्धा. "मीटर चुकला असं मी म्हणतच नाही. काहीतरी चुकलंय, एवढंच म्हणते."

मग तिनं एकेकाला बाजूला घेतलं.

राजवीर तोंड पाडून बसला होता. "माझ्यावर कुणाचा संशय असायचं कारणच न्हाय, मॅडम. मीच खाली आलोय. मंडळानं दिलेल्या आकृतीबरहुकूम पेटी केली. पाऊण अँपिअर घेती, म्हणजे पाचाच्या आसपास भरायला पाहिजे होती. भरली दोन पॉइंट चार. वेटोळं चुकलं असणार. घरात कुणाला सांगू नका."

"आधी कुठं मोजली नव्हतीस?"

"न्हाय की. थेट हितंच."

यशराज घाबरलेला होता, पण नजर चुकवत नव्हता. "मी केरबा सरांच्या घरी जाऊन जुळवली. दिवाळीच्या आधी. सर शेजारी बसले होते. स्क्रू फिरवत फिरवत चार पॉइंट नऊवर आणली आणि तिथंच स्क्रू हलू नये म्हणून लाख लावून टाकली. सरांच्या याच मीटरवर."

"दिवाळीच्या आधी म्हणजे नेमकं कधी?"

"दसऱ्यानंतर आठ-दहा दिवसांनी."

राहिले अमरसिंहदादा. ते खुर्चीत ऐसपैस बसले होते आणि एक गुडघा एकसारखा हलवत होते. मोजणी सुरू व्हायच्या आधी केरबा सर देवदर्शनाला गेले होते. त्या अर्ध्या तासात मीटरपाशी कोण होतं, असं वर्षाराणीनं विचारलं.

"मीच होतो. मग?" दादांचा आवाज वाढला. "अध्यक्षानं बसायचं न्हाय तर कुणी बसायचं? मी प्लगांच्या डब्याला हातसुद्धा लावलेला न्हाय!"

"डब्याचं मी नावच काढलं नव्हतं, दादा."

दादांचा गुडघा हलायचा थांबला. मांडवात कुजबुज सुरू झाली. पुतण्या दुसरा, काका अध्यक्ष, आणि अर्धा तास एकट्यानं मीटरजवळ! कोल्हापुरी माणसाला एवढं पुरतं. एकानं तर मोबाईल काढून कुणाला तरी कळवायलाही घेतलं.

वर्षाराणीनं दोन्ही प्लग हातात घेतले. मूळचे आकडे केव्हाच झिजले होते. प्रत्येकाच्या डोक्यावर केरबा सरांच्या वळणदार अक्षरात लिहिलेली कागदाची चिठ्ठी होती, एकावर पाच, दुसऱ्यावर दहा. वरून दोन्ही गुलाबी झाले होते, त्यात नवल काहीच नव्हतं. डोंगरावर गुलाबी नसलेली वस्तू शोधून सापडली नसती.

तिनं नखानं प्लगाच्या खाचेतला गुलाल खरवडला आणि प्लग उन्हात धरला. गुलालाच्या खाली, खाचेच्या तळाशी, पिवळं काहीतरी साठलं होतं.

४

"राजवीर, तुझी पेटी आण," वर्षाराणी मोठ्यानं म्हणाली. तिचा आवाज आता तिच्याही ताब्यात राहिला नव्हता. "या सगळे. इकडं जवळ या!"

मांडव टेबलाभोवती गोळा झाला. राजवीरची पेटी जोडली. एरियलच्या जागी डमी लोड लावला, म्हणजे लहरी हवेत न जाऊ देता आतच जिरवणारा डबा. आधी पाचाचा प्लग. दोन पॉइंट चार, मघासारखंच.

"आता दहाचा."

केरबा सरांनी प्लग बदलला. राजवीरनं बटण दाबलं. काटा धावत गेला आणि नऊ पॉइंट सहावर उभा राहिला.

राजवीरनं आ वासला.

"काय हो सर," वर्षाराणी म्हणाली, "ह्याच्याही पेटीत बटण लपवलंय?"

केरबा सरांनी मीटरच्या काचेवर टिचकी मारून पाहिली, काटा तिथंच.

"आता पाहा. एका पेटीला दोन प्लग लावले तर माप एकच यायला पाहिजे. इथं दर वेळी चौपट फरक पडतोय. पाचाच्या चिठ्ठीवर निम्मं दिसतं, दहाच्या चिठ्ठीवर दुप्पट. क्रांतीचे दोन पॉइंट तीन दुप्पट करा, चार पॉइंट सहा येतात. नऊ पॉइंट दोन निम्मे करा, तरी चार पॉइंट सहाच! तिच्या वहीत तेच लिहिलंय. मीटर शहाणा आहे, प्लगही शहाणे आहेत. फक्त चिठ्ठ्यांची अदलाबदल झालीय. पाच म्हणून लावतोय तो दहाचा आहे, आणि दहा म्हणून लावतोय तो पाचाचा."

"झालीय न्हाय, केलीय म्हणा!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळ्यांची तोंडं अमरसिंहदादांकडे वळली. दादा उभे राहिले. त्यांच्या कानशिलाची शीर ठळक दिसायला लागली होती.

"थांबा, पावणं!" वर्षाराणीनं हात वर केला. "दादांनी आज चिठ्ठ्या बदलल्या असत्या, तर आधी त्या बरोबर होत्या असं धरावं लागेल. मग यशराजनं सरांच्या घरी जुळवलेले चार पॉइंट नऊ खरे. आणि मग आज बदललेल्या चिठ्ठीवर त्याची पेटीही अडीचच्या आत दिसायला हवी होती, राजवीरसारखी. ती दिसली चार पॉइंट नऊ. घरी जेवढी, इथं तेवढीच. म्हणजे यशराज सरांकडे गेला तेव्हाच चिठ्ठ्या चुकीच्या होत्या."

दादा धपकन खाली बसले. "मीटरचं नाव निघालं तेव्हाच वाटलं हुतं, आळ माझ्यावर येणार," ते पुटपुटले, पण घाम पुसताना ते हसत होते.

वर्षाराणीनं नखानं एक चिठ्ठी हळूच उचकटली. खाली डिंक नव्हता. चपटं झालेलं, वाळून खड्यासारखं टणक झालेलं भाताचं एक शीत होतं.

"डिंकाऐवजी शीत. खाचेत हळद. केरबा सर, जरा घरी फोन लावा. आणि आवाज मोठा ठेवा."

५

पलीकडून बयाबाई बोलल्या, केरबा सरांच्या पत्नी. त्यांना सगळा मांडव ऐकतोय हे कुणी सांगितलं नव्हतं.

"काय वो, आज येळ मिळाला व्हय फोनला? जेवलासा का न्हाय?"

"जेवलो," सर म्हणाले. जेवले नव्हते. "बया, एक सांग. खंडेनवमीला माझी हत्यारं तूच धुतलीस न्हवं?"

"मग कोण धुणार? दरसाल मीच धुती की. पान्हे, पकडी, तुमच्या त्या गोल लिंबाएवढ्या डब्या. स्वच्छ घासल्या, हळद-कुंकू वाहिलं. का वो?"

"त्या डब्यांवर चिठ्ठ्या हुत्या..."

"व्हय की, पाण्यात निघाल्या त्या! तुम्ही बाहेर गेलता. म्हटलं, तुमच्या ध्यानात आलं तर घर डोक्यावर घ्याल. मग वाळवल्या, दोन शितं घेतली, बसवल्या परत. छान बसल्या की. काय बिघडलं का?"

वर्षाराणीला केरबा सरांकडे पाहवेना. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या पेट्या तपासल्या, त्याला आपलं माप चुकलंय हे आपल्याच बायकोच्या तोंडून, पन्नास माणसांत ऐकावं लागत होतं.

"न्हाय बया, काय बिघडलं न्हाय," सर शेवटी म्हणाले. "छान बसल्यात." आणि त्यांनी फोन ठेवला.

क्रांती आता रडत होती आणि रडता रडता हसत होती. राजवीर आपली पेटी कुरवाळत होता. आपलं वेटोळं बरोबर आहे एवढ्याच आनंदात तो तिसऱ्या नंबरचं विसरून गेला होता.

यशराज मात्र उठून टेबलाशी आला. त्याच्या लक्षात आलं होतं. हुशार मुलगा होता.

"मॅडम, मग माझी पेटी? मी त्याच चिठ्ठीवर जुळवलीय."

केरबा सरांचा हात दहाच्या प्लगाकडे गेला. वर्षाराणीनं तो झटकन अडवला. "नको सर! तो खरा पाचाचा आहे. काटा मोडेल." तिनं आपला छोटा मीटर यशराजच्या बॅटरीला जोडला. दीड अँपिअर. क्रांतीच्या पेटीच्या दुप्पट.

"नऊ पॉइंट आठ," यशराज स्वतःच म्हणाला. "दुप्पट ताकद वापरून मी दुसरा आलो, मॅडम?" आणि तो क्रांतीकडे वळला. "एरियल कसं बांधलंयस गं तू? मला दाखव."

"आमच्या पोरानं लबाडी केली न्हाय, हे लिहून घ्या मात्र," अमरसिंहदादा म्हणाले.

"लिहू की, दादा. तुमच्या पोरानं लबाडी केली नाही. पण नियमाबाहेर गेलाय."

दादांनी पुतण्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. मग ते केरबा सरांजवळ सरकले. "सर, निकालात म्हणू, तांत्रिक बिघाडामुळं फेरमोजणी झाली. एवढंच. लोकांना बाकीचं काय करायचंय?"

चार वाजायला सहा मिनिटं होती.

६

सहा मिनिटं केरबा सर चिठ्ठ्या खरवडत बसले होते. दोन्ही प्लग कोरडे, स्वच्छ झाल्यावर त्यांनी खिशातून टोकदार सुई काढली आणि प्रत्येकाच्या पितळेवर खरा आकडा कोरला. मग ते वर्षाराणीपुढे धरले. तिनं क्रांतीची पेटी दोन्ही प्लगांवर मोजली. चार पॉइंट सहा. चार पॉइंट सहा.

चार वाजता त्यांनी माईक हातात घेतला. सांगलीपासून मडगावपर्यंत माणसं कान लावून बसली होती. वर्षाराणीनं खुर्ची स्पीकरजवळ ओढली. स्पर्धा तिची नव्हती, तरी.

"मी केरबा बोलतोय, जोतिबा डोंगरावरनं," सर म्हणाले. हवेवर ते नेहमी पुस्तकी मराठी बोलायचे, आज जमेना. "निकालाच्या आधी एक ऐका. माझ्या मीटरचे दोन प्लग उलटे हुते. चूक माझी. घरात ठेवणीतली वस्तू हाय, वापरायच्या आधी ताडून बघायला पायजे हुती, मी बघितली न्हाय. त्या चुकीपायी मी आज भर मांडवात एका पोरीला चोर म्हणालो. ती चोर न्हाय. तिची पेटी चार पॉइंट सहा वॅट. एकसष्ट ठिकाणं. क्रांती पयली आलीया. तिची मी माफी मागतो. सगळ्यांनी ऐकलंसा न्हवं?"

क्षणभर नुसती खरखर. मग एकापाठोपाठ एक उत्तरं यायला लागली. ऐकलं, सर. बेळगावहून ऐकलं. ऐकलं, क्रांतीताईंचं अभिनंदन. मडगावहून ऐकलं. आवाजावर आवाज चढत गेले आणि मांडवात टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की स्पीकर ऐकूच येईना. अमरसिंहदादा सगळ्यांत जोरात टाळ्या पिटत होते. क्रांतीनं खाली वाकून केरबा सरांच्या पायांना हात लावला, तेव्हा सरांनी तिला मधेच धरलं आणि तोंड फिरवून उगाचच वायरी गुंडाळायला घेतल्या.

या गोंधळात आकाराम आजोबा वर्षाराणीच्या बाजूला येऊन उभे राहिले. त्यांना टाळ्यांचं काही नव्हतं. त्यांना एकच गोष्ट पक्की करून घ्यायची होती.

"म्याडम, म्हंजे मशीन आमच्या वाडीला येणार न्हवं? नक्की?"

"नक्की, आजोबा. पावसाच्या आधी."

"त्याला खांब लागतोय म्हणं, एरियलचा. किती उंच?"

"तीस फूट तरी."

आजोबांनी मनाशी काही हिशोब केला. मग त्यांनी टोपी नीट केली, धोतर खोचलं आणि गर्दीतून वाट काढत एस. टी.च्या थांब्याकडे चालायला लागले.

"अहो आजोबा! कुठं निघालात? बक्षीस द्यायचंय अजून!"

"तुमी द्या की तिला!" ते न थांबताच ओरडले. "तीस फुटी खांब म्हंजे पाच हात खड्डा पायजे. आमच्याकडं खाली सगळा कातळ हाय. आजच लागाय पायजे!"